वर्गणीची दमणी

अमरावती,
ता. ९ जानेवारी १९३९

खुशालराव यांस जानरावाचा रामराम.

इकडे सगळे बरे आहोत. तुमचं नावच खुशाल, तेव्हा तिकडचं काय विचारायचं. थंडी यंदा जरा जास्तच आहे. तूर चांगली दिसते, कापसाची वेचणी चालू आहे. भाव लिहीत नाही, कारण अकोल्याच्या अडतीवर बसून तो तुम्हाला माझ्याआधी कळतो, आणि मला कळेपर्यंत तुम्ही लोकांनी तो पाडलेला असतो. सूनबाईंना दिवस गेल्याचं ऐकून फार बरं वाटलं. तिला जपा, धान्याची पोती उचलायला लावू नका.

पत्राला कारण असं, की मेडिकल शाळेच्या समितीने मागल्या आठवड्यात मला वर्गणीप्रमुख नेमलं. वऱ्हाडच्या पोरांनी डॉक्टरकी शिकायला नागपूर-मुंबई गाठायची नाही, इथंच शाळा, शाळेला जोडून मोठा दवाखाना, आणि पुढे सगळ्याला युनिव्हर्सिटीची मान्यता, हा बेत तुम्हाला ठाऊक आहेच. आजवर मोरोपंत वकील त्याची वर्गणी जमवत होते, मी नुसता सभेत बोलायला त्यांच्याबरोबर जात असे. आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. समोर देणारा उभा आहे की खांब तेही दिसत नाही, असं ते स्वतःच म्हणतात.

बैठक त्यांच्याच दिवाणखान्यात होती. माझ्याखेरीज दोन नावं निघाली, एक रिटायर्ड डेप्युटीसाहेब आणि एक जिनवाले शेठजी. मोरोपंत म्हणाले, "साहेबांना लोक सलाम करतील आणि शेठजींना व्याजाचा दर विचारतील. मागायला असा माणूस हवा, की ज्याला नाही म्हणताना लोकांची जीभ अडखळेल. तो जानरावच." मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या बी.ए., एलएल.बी. मंडळींत मी सातवी पास, जोडे दाराशी काढून कोपऱ्यात बसलेला. त्यांनी मला उठवून मधल्या खुर्चीवर बसवलं आणि हार घातला. तो हार तुमच्या बहिणीला दाखवायला ठेवून दिला होता, पण वाळून गेला.

मी एक अट घातली. बायकांच्या बाळंतपणाचा जो वॉर्ड होईल त्याच्या दारावर आमच्या गंगूचं नाव पाहिजे, दगडात कोरलेलं. मोरोपंतांनी सगळ्यांसमक्ष शब्द दिला. खुशालराव, पोरगी गेली, पोटातलं लेकरू गेलं, जावईबापूंनी दुसरं लग्न केलं. त्यांना दोष देत नाही, त्यांचं वय आहे. पण तिचं म्हणून या जगात काही उरलं नाही. हे नाव तेवढं राहील. मी गावोगाव हात पसरतो तो त्यासाठी, शाळाबिळा त्याच्या नंतर. हे तुमच्या बहिणीला नीट समजावून सांगा. मी सांगायला गेलो की माझ्या तोंडून सभेतल्यासारखं बोलणं येतं.

अंजनगावच्या पहिल्या सभेला तुम्ही नव्हता, तीही नव्हती, म्हणून हे कसं सुरू झालं ते लिहितो. मोरोपंतांनी छापील विनंतीपत्रक वाचलं. लोक तंबाखू मळत बसले. मी उठून एवढंच म्हणालो, की छोटी रेल्वे निघून गेली होती, गावात सुइणीशिवाय कोणी नव्हतं, मी अडलेल्या पोरीला बैलांच्या दमणीत घालून अमरावतीला निघालो आणि पूर्णेच्या अलीकडे ती गेली. आणि हीच ती दमणी, असं म्हणून बाहेर हात केला, कारण मी तिच्यातूनच सभेला आलो होतो. लोक उठले. मोरोपंतांनी चांदीचं ताट पुढे ठेवलं होतं, त्यात कोणी काही टाकलं नाही. सगळे बाहेर गेले आणि दमणीच्या छताखाली, ती निजली होती तिथे, पैसे ठेवू लागले. तेव्हापासून जिथं जातो तिथं दमणी नेतो. नत्थुजी हाकतो आणि मी बोलतो.

लोक मनापासून देतात. बाया-माणसांचे डोळे भरून येतात. बायका पैशांबरोबर लिंबू, हळदीचे तांदूळ असंही काही टाकतात. खेड्यातल्या बायका, त्यांची आपली रीत. मी तिकडे पाहत नाही, मान खाली घालून उभा असतो.

आता तुमच्या बहिणीचं. अकोल्याच्या सभेला ती पहिल्यांदा माझ्याबरोबर आली. रात्री तुमच्याकडे राहिलो. सकाळी निघताना दमणीपाशी आली, पाय वर ठेवला, पुन्हा खाली घेतला आणि म्हणाली, "मी नाई येत." मी कारण विचारलं, तर घरात निघून गेली. महिना झाला. माहेरपण एवढं लांबलेलं मी पाहिलं नाही. माझं बोलताना काही चुकलं असेल तर तिने सांगावं, मी सुधारीन. संक्रांत झाली की मी दमणी घेऊन तिला न्यायला येतो. फाल्गुनात पायाभरणी आहे. गंगूचं नाव वाचलं जाईल तेव्हा तिथं तिची माय पाहिजे, नाहीतर त्याला काय अर्थ आहे.

तिला तिळगूळ द्या. उत्तर लवकर टाका, आळस करू नका.

तुमचा,
जानराव


अमरावती,
ता. ३० जानेवारी १९३९

खुशालराव यांस रामराम.

तुमचं पत्र पोचलं. तुम्ही लिहिता, "भाऊजी, न्यायला जरूर या, पण आगगाडीने या. दमणी आमच्या गल्लीत आणू नका. सूनबाईला चौथा महिना आहे. राग मानू नये."

मी आधी समजलो, गल्ली अरुंद आहे, बैल बुजतील, सूनबाईला धक्काबिक्का लागेल. असं मी खरंच समजलो. तुम्हाला वाटेल मी वेड पांघरतो आहे. पण तेच धरून बसलो होतो, आणि तुम्हाला चिडवायला एक ओळही मनात जुळवली होती, की बैल माझे तुमच्यापेक्षा गरीब आहेत. मग खालची ओळ पुन्हा वाचली. "ताई म्हणते, लोक दमणीत काय टाकतात ते एकदा डोळे उघडून पाहा."

चांदूर बाजारला बाजाराच्या दिवशी सभा होती. मी बोललो. बोलून झाल्यावर रोजच्यासारखा मान खाली घालून उभा राहिलो नाही. चाकाला हात लावून उभा राहिलो आणि पाहिलं.

एक म्हातारी सुनेला घेऊन आली. सून पोटुशी होती. म्हातारीने रुपया काढला, सुनेच्या डोक्यावरून पायांपर्यंत उतरवला, वर लिंबू आणि बिब्बा ठेवला आणि सगळं दमणीत टाकून म्हणाली, "घे माय. आन् आमच्या दारावरून सीधी निंगून जाय. माह्या पोरीकडे पाहू नको." माझ्याकडे तिचं लक्षही नव्हतं. ती गंगूशी बोलत होती. तिच्यामागे रांग होती. कोणी बायकोला ओवाळून टाकत होतं, कोणी लेकीचं लुगडं आणून त्यावरून पैसा उतरवत होतं.

परत येताना मी नत्थुजीला विचारलं. आमच्या घरी त्याचं आयुष्य गेलं, गंगूला त्यानेच खांद्यावर घेऊन शाळेत पोचवलं आहे. तो बराच वेळ बैलांना काहीबाही बोलत राहिला. मग म्हणाला, "मालक, तुमाले खरंच माईत नोतं काय? मले वाटे तुमाले सारं समजते, आन् तुमी मुद्दामच बोलत नाई."

"काय समजते?"

"लोकं गंगीसाठी नाई देऊन राहिले जी. गंगीनं आपल्या घराकडे पाहू नाई म्हणून देऊन राहिले."

बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मी ते लहानपणापासून ऐकलं आहे, चार लोकांना त्यावरून भ्यायलेलं पाहिलं आहे. पण माझ्या गंगूचं आणि त्याचं काही नातं असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही. दुसऱ्यांच्या मेलेल्या पोरी हडळ होतात. आपली नुसती मरते.

नत्थुजीने मग अकोल्याचंही सांगितलं. सभा झाली, दमणी हलली, तेव्हा एका म्हातारीने चाकांमागे मूठभर मोहरी फेकली. तुमची बहीण तिच्या शेजारीच उभी होती. मोहरीचा अर्थ तुम्हाला लिहायला नको. हडळीने दाणा न् दाणा वेचत बसावं आणि मागे फिरू नये. खुशालराव, गंगूला स्मशानात नेलं त्या दिवशी आमच्या गावातल्या म्हाताऱ्याही मोहरीची वाटी घेऊन दाराशी आल्या होत्या. तुमच्या बहिणीने ती वाटी त्यांच्या हातातून घेतली आणि चुलीत पालथी केली. म्हणाली, "येते तं येऊ द्या. घर हाय तिचं." त्यानंतर कितीतरी दिवस तिने दाराला कडी लावू दिली नाही. मी त्यावरून तिच्यावर चिडलो होतो, की कुत्री आत येतात. आणि तिच्या त्या पोरीला मी गावोगाव मोहरी वेचायला लावत फिरवतो आहे.

मी मोरोपंतांकडे गेलो. ते ओसरीवर उन्हात बसले होते, पावलांवरून मला ओळखलं. मी सरळ विचारलं, "लोकं कावून देतात, तुमाले माईत होतं?"

"पहिल्याच हंगामात कळलं," ते म्हणाले.

"आन् मले सांगितलं नाई?"

"काय सांगायचं होतं, जानराव? तुमच्या बोलण्याने लोक हेलावतात असं तुम्ही मानत होता. मी मानू दिलं. वर्गणी येत होती." मग म्हणाले, "दमणी बंद करतो म्हणालात तर मी अडवणार नाही. तो अधिकार मला नाही. पण मार्चअखेर ठरलेली रक्कम भरली नाही तर युनिव्हर्सिटीवाले कागद परत पाठवतील, आणि मग ही शाळा आपल्या हयातीत होत नाही. मग तुमच्या गंगूसारख्या आणखी पोरी वाटेत मरतील. त्यांच्याही मागे लोक मोहरी टाकतील."

ते बोलताना त्यांच्या आवाजात कुठं वकिली नव्हती. असती तर मला भांडता आलं असतं. त्यांनी माझा हात चाचपून धरला, आणि मला तो सोडवूनही घेता आला नाही.

आता मी तुमच्या बहिणीला न्यायला येत नाही. काय तोंड घेऊन येऊ. पण दमणी घरी ठेवून एक फेरी करून पाहतो. आगगाडीने दर्यापूरकडे जातो, नुसता बोलतो, तेवढ्यावर लोकांनी गंगूसाठी म्हणून काही दिलं तर ते घेऊन अकोल्याला येईन. तिला एवढं सांगा.

तुम्ही राग मानू नका म्हणून लिहिलंत. मी मानला आहे. परकी माणसं भितात ते समजू शकतो. तुम्ही तिचे मामा. लग्नात तिला हाताला धरून मांडवात तुम्ही आणलं होतं, आणि ती तुमच्या सुनेचं वाईट करील असं तुम्हाला वाटतं. हे लिहायचं नव्हतं, पण लिहून झालं, आता खोडत नाही. सूनबाईला जपा, हे मात्र खरं लिहितो.

जानराव


अमरावती,
ता. १८ फेब्रुवारी १९३९

गंगूचे माय,

तुला कधी पत्र लिहिलं नाही, त्यामुळे मायना काय घालतात ते ठाऊक नाही. इतकी वर्षं हीच हाक मारली, तीच लिहितो. खुशालराव, हे तिला वाचून दाखवा आणि मधलं काही गाळू नका. तुमच्याविषयी यात काही नाही.

तू बरी असशील. तुझ्या गुडघ्याला थंडीत त्रास होतो, तीळतेल लावून घेत जा. इकडे घराचं सगळं चाललं आहे, म्हणजे शेत चाललं आहे. मी बहुतेक अमरावतीलाच असतो.

दर्यापूरचं सांगतो. शाळेच्या पटांगणात सभा ठेवली होती. मी पूर्वीपेक्षा चांगलं बोललो असेन, कारण या वेळी कोणाला भीती वाटेल असं काही बोलायचं नाही एवढं ध्यानात ठेवलं होतं. लोकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पुढे बसलेला एक जण म्हणाला, "पाटील, दमनी कुठी हाय?"

मी म्हणालो, घरी ठेवली.

"मंग गंगी कुठी हाय?"

मी म्हणालो, "गंगी मेली बाबा. दोन वर्सं होतीन आता."

"थे तं माईत हाय. पण दमनीत नाई, तं आता हाय कुठी?"

तो माणूस टवाळखोर नव्हता. खरंच विचारत होता, आणि बाकीचे मी काय सांगतो म्हणून कान टवकारून बसले होते. मी पुन्हा शाळेचंच बोलू लागलो. लोक एकेक करून उठले. ज्यांच्याकडे मुक्काम करायचा होता ते घर आपल्या ओळखीचं, तू त्या बाईला चोळी शिवून दिली होतीस. मी दाराशी पोचायच्या आत कडी लागली. आतून ती म्हणाली, "भाऊ, रागावू नका, घरात लेक आलेली हाय." त्यांना वाटलं गंगू माझ्याबरोबर पायी चालत आली. दमणीत होती तोवर ती कुठं आहे ते लोकांना दिसत होतं, पैसा टाकला की ती पुढच्या गावी जात होती. आता ती माझ्या अंगाखांद्यावर आहे. पुढच्या गावांतही तेच झालं. मी रिकाम्या हाताने आलो. रिकाम्या हाताचं मला एवढं वाईट वाटलं नसतं. पण गावोगावचे लोक माझ्या मागच्या रिकाम्या जागेकडे पाहत होते, आणि एकदा मीही वळून पाहिलं.

आता तुला एक सांगतो. सभेत मी म्हणतो, की दमणीतून गंगूने विचारलं, "बाबा, अमरावती किती दूर राहिली?" हे तू अकोल्याला ऐकलंस. ती तसं म्हणाली नव्हती, निदान मला ऐकू आलं नव्हतं. पडदा सोडलेला होता, आत तू होतीस. मी नत्थुजीला खड्डे दाखवत बैलांच्या पुढे चालत होतो. पहिल्या वर्षी मी घडलं तसंच सांगत होतो. मग एका गावात बोलता बोलता ते वाक्य तोंडून निघून गेलं, आणि एक म्हातारा पागोट्याने डोळे पुसू लागला. पुढच्या गावी मी ते पुन्हा बोललो. आता मला ते आठवतं. ऐकल्यासारखं आठवतं, तिच्याच आवाजात. तिचा खरा आवाज कसा होता ते आठवायला जातो तर हेच वाक्य ऐकू येतं. दुसरं काही बोलताना ती मला आता ऐकूच येत नाही. "बाबा, जेवले काय" असं ती रोज म्हणत असे एवढं माहीत आहे, पण ते नुसतं माहीत आहे.

नावाचं सांगायचं राहिलं. खरं म्हणजे तेच सांगायला बसलो होतो आणि भलतंच लिहीत गेलो.

पायाभरणीच्या दगडांवर काय कोरायचं ते ठरवायला समिती बसली. मोरोपंतांनी स्वतः विषय काढला. म्हणाले, जानरावांना शब्द दिला आहे, बाळंतपणाच्या वॉर्डाचा दगड गंगूबाईंच्या नावाचा, पाथरवटाला सांगून टाका. कोणी हो म्हणेना. कोणी नाहीही म्हणेना. डेप्युटीसाहेब चष्मा पुसत बसले, शेठजी पानदानात काही शोधू लागले. मला त्या सगळ्यांची कीव आली. ती माणसं वाईट नाहीत, गंगूच्या बाबतीत त्यांना माझ्यासमोर बोलवत नव्हतं.

मग मीच म्हणालो, "नाव नोका देऊ."

"का?" मोरोपंतांनी विचारलं. त्यांना ठाऊक होतं, तरी विचारलं. माझ्या तोंडून यावं म्हणून विचारलं असेल, किंवा मी थांबावं म्हणून.

मी म्हणालो, "कोनती पोटुशी बाई त्या दारातून आत जाईन? वरतं गंगीचं नाव पाहून थे पायरीवरूनच वापस फिरन. आन् मंग घरी जाऊन मरन, नाई तं वाटंत मरन. त्यापरीस दुसरं कोनाचं बी द्या."

डेप्युटीसाहेबांनी ते लिहून घेतलं. शेठजींच्या आईचं नाव ठरलं. ती माउली म्हातारी होऊन, पतवंडं खेळवून, झोपेत गेली. तिच्या नावाला कोणी भिणार नाही. शेठजींना बरंही वाटलं आणि लाजही वाटली, त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या कशालातरी गंगूचं नाव देऊ, असं कोणीतरी म्हणालं, विहिरीला द्या, झाडांच्या वाफ्याला द्या. मी नको म्हणालो. विहिरीचं पाणी लोकांनी प्यायला पाहिजे.

तर ज्यासाठी मी वर्गणीप्रमुख झालो ते माझ्याच तोंडाने गेलं. तिचं नाव आता कुठंच लागणार नाही. तुला नाव ऐकायला ये म्हणून बोलावत होतो, आता पायाभरणीला येऊ नकोस. तिथं तुझं काही नाही, माझंही नाही.

मग सोडून का देत नाही, असं तू म्हणशील. मोरोपंतांनीही विचारलं, म्हणाले हवं तर शेठजींना नेमू. पण शेठजींना कोण देणार? शाळा झाली पाहिजे असं मला वाटतं, खरंच वाटतं. पोरी जगतील. पण त्यांच्यासाठी मी हे करतो आहे असं म्हणायला जीभ रेटत नाही. मला घरी जायची भीती वाटते, हे खरं आहे. घरी तू नाहीस. गोठ्याशेजारी दमणी उभी असते, आणि मी तिच्याकडे पाहत बसतो. तिला बैल जुंपले, वाटेला लागलो, की तेवढा वेळ बरं वाटतं. म्हणून मी दमणी पुन्हा बाहेर काढली. गेल्या आठवड्यात दोन फेऱ्या झाल्या. पूर्वीपेक्षा जास्त मिळालं, मधल्या खंडाने लोक आणखी भ्याले होते.

आता मी मान खाली घालत नाही. कोणी उतरवून टाकलं की हात जोडतो. परवा एक पोरसवदा सासुरवाशीण आली, पहिलटकरीण. दमणीत पैसा टाकून तिने मला विचारलं, "बाबा, थे माह्याकडे तं नाई ना पाहनार?" गंगूच्याच वयाची असेल. मला तिला सांगता आलं असतं, की माझी पोरगी अशी नव्हती, तिने कधी मुंगीवर पाय दिला नाही. मी म्हणालो, "नाई पाहनार बेटा. मी सांगतो तिले." पोरीच्या जिवात जीव आला. गंगूचे माय, असं मी म्हणालो, आणि दमणीकडे तोंड करून खोटंखोटं काही पुटपुटलो.

तेव्हापासून सगळेच विचारतात, आणि मी सगळ्यांना तसंच सांगतो.

मार्चअखेरपर्यंत रक्कम पुरी होईल, मोरोपंतांचा अंदाज आहे. होळीच्या आधी दमणी अकोल्यावरून जाईल. खुशालरावांच्या गल्लीत ती येणार नाही एवढं मी पाहीन, सूनबाईने निर्धास्त असावं. तू बाहेर येऊ नकोस. परत ये असंही मी आता म्हणत नाही. तू तिकडे राहिलीस तर कोणीतरी आहे असं वाटेल, की जे अजून तिला गंगू म्हणतं.

एक मागणं आहे. मी आता मागण्यातच तरबेज झालो आहे, तरी हे निराळं आहे. दमणीत तिचं डोकं तुझ्या मांडीवर होतं. शेवटी ती तुला काही बोलली असेल. दोन वर्षं मी विचारीन म्हणत राहिलो आणि धीर झाला नाही. ते मला सांगू नकोस. मी कधी तुझ्या दाराशी आलो, रडलो, तुझ्या पाया पडलो, तरी सांगू नकोस. मला कळलं तर पुढच्या गावच्या सभेत मी ते बोलून टाकीन.

एवढं मला देऊ नकोस म्हणून हात जोडणारा,
जानराव